आण्णा, पोरगी अजून स्टँडवरच आहे

आण्णा, तुम्ही गेलात त्या सकाळी फोन वाजला आणि मी सवयीनं बोलून गेलो, "आमच्या हातात काही नाही, कंपनीनंच बदललंय." कर्जतमध्ये केबल चालवणाऱ्या माणसाला चहाच्या आधी फोन येतो तो तक्रारीचाच. पलीकडे तुमचा मुलगा संदीप होता, पुण्याहून. तो म्हणाला, "राजूकाका, आण्णा गेले. शेजारच्यांनी कळवलं. मी निघतोय, तोवर माईजवळ थांबाल का?" मी मोटारसायकल काढली तरी माझंच वाक्य माझ्या कानात वाजत होतं. तुम्हाला ते कधी आवडलं नाही. तुम्ही असतात तर खडसावून विचारलं असतंत, मग कुनाच्या हातात हाय ते सांग.

घरी पोचलो तेव्हा तुम्ही आतल्या खोलीत होतात, चादर ओढलेली. शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या. माई पलंगावर बसून बंद टीव्हीकडे बघत होत्या. मला बघून म्हणाल्या, "चित्र येईना व्हय? बरं झालं आलास." मी टीव्हीच्या मागं गेलो, वायर काढली, परत खोचली. दुसरं काय करणार होतो? संदीप येईपर्यंत मी वायरी काढत-घालत बसलो आणि माई माझ्याकडे कौतुकानं बघत राहिल्या. दशक्रियेला मला दोन शब्द बोला म्हणाले, ते मला जमलं नाही. माझा आवाज माइकवर फुटतो, तुमच्यासारखा नाही. म्हणून हे लिहून काढतोय.

आपली ओळख भांडणातनं झाली. कर्जतच्या एसटी स्टँडवर तुम्ही कंट्रोलर होतात तेव्हा तुमचा फक्त आवाज माहीत होता. "मिरजगाव मार्गे नगरला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी रांगेत चढावे." माइकवर असताना तुमची भाषा एकदम शुद्ध, आणि माइक बंद केला की तुम्ही आमच्यातले. रिटायर झाल्यावर एक दिवस तुम्ही माझ्या गाळ्यात आलात, छत्री काउंटरवर आडवी ठेवलीत आणि म्हणालात, "सातची मालिका साडेसहाला का सोडली?"

सोडली. हा शब्द तुमचाच. मी माझं ठेवणीतलं उत्तर दिलं. तुम्ही हलला नाहीत.

गावात सगळ्यांना वाटतं की मालिका मीच लावतो. बाजारात बायका अडवून सांगतात, त्या सासूला एकदा मारून टाका की हो. दिवाळीनंतर तालुक्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात, कुलूप लागतं, बॉक्स बंद होतात. चैत्रात माघारी आले की पहिला फोन मला, मधल्या काळात काय झालं? मी सांगतो, काही झालं नाही, त्याच लग्नाची हळद अजून चालू आहे. तुमचं तसं नव्हतं. मी लावत नाही हे तुम्हाला कळत होतं. तुमचं म्हणणं असं की मुंबईला कुठंतरी तुमच्यासारखाच एक माणूस बसलेला आहे, त्याच्या मागं भिंतीवर वेळापत्रक आहे, आणि त्याला जाऊन नीट विचारलं तर तो नीट कारण सांगेल. मी म्हणायचो, आण्णा, तिथं असं कुणी नाही. ठरवणारं कुणी असतं तर इतकं वेड्यासारखं झालं नसतं. आपलं हे भांडण तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही आणि मीच बरोबर होतो असं मला अजून वाटतं. फक्त आता जिंकल्याचा आनंद नाही.

तुम्हाला टीव्हीचं वेड नव्हतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मला वाटायचं, रिकामपणचा उद्योग आहे. मग एकदा रिमोट चालत नाही म्हणून तुमच्या घरी आलो, साडेसहाच्या सुमाराला, आणि माईंना बघितलं. माईंचं विसरणं तेव्हा घरात मुक्कामाला आलेलं होतं. घास भरवायला गेलं की त्या तोंड मिटून घ्यायच्या. कुणाचं ऐकायच्या नाहीत, तुमचंही नाही. पण त्या मालिकेची सनई वाजली की माई सावरून बसायच्या. मालिकेतली नायिका त्यांची कोण होती देव जाणे, माई तिला 'आपली पोरगी' म्हणायच्या. आणि त्या मालिकेत रोज कुणी ना कुणी जेवायला बसायचं. पोरीनं ताटाला हात लावला की तुम्ही म्हणायचात, "बघ, पोरगी जेवाय लागली. आता तू बी घे." आणि माई तोंड उघडायच्या. दुधात कुस्करलेली भाकरी, कधी मुगाची खिचडी. जाहिराती लागल्या की तोंड बंद. जाहिराती संपल्या की पुन्हा चालू. दिवसभरातलं त्यांचं खरं जेवण तेवढंच.

मी रिमोटच्या सेलचं झाकण लावत होतो. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "आता कळलं का सातला का पायजे?"

साडेसहाला माई झोपेतून नुकत्या उठलेल्या असायच्या, भूक नसायची, चार घासांवर थांबायच्या. तरी तुम्ही जमवलंत. दुपारची झोप अलीकडे ओढलीत, दुपारचा चहा बंद केलात, जेवणाची वेळ साडेसहावर आणलीत. तुम्हाला त्याची सवय होती, एक गाडी हलली की मागच्या चार हलवाव्या लागतात. माई साडेसहाला नीट जेवायला लागल्या आणि चॅनलनं मालिका रात्री साडेदहाला नेली. सातला एक गाण्याची स्पर्धा आणली, तिच्यात लहान मुलं मोठ्या माणसांची गाणी म्हणत होती आणि परीक्षक रडत होते. रविवारी दोन तासांचा विशेष भाग म्हणून जे दाखवलं त्यात निम्मं आधी दाखवलेलंच होतं. दुपारी तोच भाग पुन्हा दाखवायचे तेवढा आधार होता, तिथं गुडघ्याच्या तेलाची जाहिरात अर्धा तास चालायला लागली.

तुम्ही गाळ्यात आलात. तुमचा चेहरा मला आठवतो, चिडलेला नव्हता, खरोखर बुचकळ्यात पडलेला होता. "राजू, मला येक सांग. भरून जानारी गाडी हाय. उभ्यानं लोक जात्यात. ती गाडी कुनी रातच्याला सोडतं का? तोट्यातली गाडी हलव, मी समजू शकतो. भरलेली का हलवली?"

मी म्हणालो, "आण्णा, काही घरांत यंत्र बसवलेलं असतं, कोण किती बघतं ते मोजायचं. त्यावर ठरतं म्हणे."

"मग माईजवळ बसव ते यंत्र."

"आपल्याकडं कुणाच्या घरात असल्याचं मी तरी ऐकलं नाही."

तुम्ही काउंटरवरची छत्री उचललीत. मग म्हणालात, "म्हंजे प्रवासी मोजताना कर्जत धरलंच न्हाई."

तुमच्या हट्टापायी मी चॅनलच्या नंबरला फोन लावला होता, आठवतं? आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला. आधी मराठीसाठी एक दाबा, मग तक्रारीसाठी तीन दाबा, मग बराच वेळ संगीत. तुम्ही मान ताठ करून उभे होतात, साहेबांसमोर उभं राहावं तसे. शेवटी एक मुलगी बोलली. म्हणाली, "सर, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

"ताई, अजून मी सांगितलीच न्हाई."

"सांगा ना सर."

"तक्रार न्हाई माझी. मला फक्त कारण पायजे. सातची मालिका साडेदहाला का नेली?"

"सर, प्रेक्षकांच्या सोयीसाठी वेळ बदलण्यात आली आहे."

"तो प्रेक्षक मीच हाय ताई. माझी गैरसोय झाली."

"आणखी काही मदत करू शकते का सर?"

मी हसू दाबत होतो. तुम्ही फोन ठेवायला सांगितलात आणि म्हणालात, "तिला कशाला बोलायचं. ती बिचारी खिडकीवर बसलीय. आतलं तिला कोन सांगतंय." फोनवरच्या अनोळखी मुलीची बाजू घेणारा दुसरा ग्राहक मी माझ्या धंद्यात बघितला नाही. त्या दिवसानंतर मी तुमच्याशी भांडायचो ते प्रेमानं, तुम्हाला कळलं असेल तर असेल.

आणि मग त्यांनी मालिका बंदच केली. आधी सांगितलं नाही, काही नाही. त्या शनिवारी पोरगी घर सोडून निघाली. हातात बॅग, एका बस स्टँडवर येऊन उभी राहिली. लांबून गाडीचे दिवे दिसले, तिनं मान वळवली, आणि पडद्यावर पाटी आली की आम्ही आपला निरोप घेतो. तुम्ही माईंना रोजच्यासारखं जागं ठेवून तो भाग बघितलात. दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायच्या आधी पायरीवर बसलेले होतात.

"पॅसिंजर फलाटावर ठिवून स्टँड बंद केलं त्यांनी," तुम्ही म्हणालात. "असं करत न्हाईत राजू. गाडी रद्द झाली तरी आमी शेवटच्या मानसाची सोय लावून मग खिडकी लावायचो."

मी म्हणालो, मालिका आहे आण्णा, ती बाई आता दुसऱ्या मालिकेत काम करत असेल. तुम्ही म्हणालात, ती बाई करंल. ही पोरगी कुठं गेली? मी तेव्हा वैतागलो होतो हे खरं, समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. पण घरी माई तोच प्रश्न विचारत होत्या आणि तोंड उघडत नव्हत्या, हे मला माहीत होतं.

मला सुचलं ते मी केलं. आमचं गावचं चॅनल आहे, त्यावर साड्यांच्या दुकानाच्या जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छा, रथाच्या यात्रेचं चित्रण आणि दशक्रियेच्या सूचना चालतात. मालिकेचे जुने भाग मी जमा केले. कुठून ते तुम्हाला सांगितलं नाही, इथंही सांगत नाही. आणि एका सोमवारी संध्याकाळी बरोबर सातला सनई लावली. तुमचा फोन आला. तुम्ही फोन नुसता टीव्हीजवळ धरलात. मला सनई ऐकू आली आणि मागून माईंचा आवाज, "आली गं बाई." त्या काळात मी फार सुखी होतो. तालुक्याच्या गावातला केबलवाला आयुष्यभर दुसऱ्यांचं दाखवतो, त्याला एकदा स्वतःच्या मनानं काही लावायला मिळालं. पहिल्या भागापासून सुरुवात केली होती. म्हणजे पोरीला स्टँडवर यायला अजून पुष्कळ वेळ होता.

तक्रारीला उत्तर न देणाऱ्या त्याच चॅनलची नोटीस मात्र लगोलग आली. परवानगीशिवाय दाखवल्याबद्दल. ती वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की तुमचं बरोबर असेल, कुणीतरी बसलेलं आहे आणि त्याला कर्जत दिसतं. फक्त आपण चुकलो तेवढंच दिसतं. मी भाग बंद केले. माझं कनेक्शनच तोडलं असतं, बाकीच्या घरांचं काय करणार होतो? तुम्हाला सांगायला आलो तर तुम्हीच माझी समजूत काढलीत. म्हणालात, "तुझ्या हातात हुतं तेवढं केलंस."

त्यानंतर थोडे दिवस मी तोंड चुकवून होतो. माई खंगत चालल्यात असं कानावर येत होतं. मग एकदा तुमच्या गल्लीत खांबावर काम होतं, संध्याकाळची वेळ, शिडीवरून तुमच्या खिडकीतनं आतलं दिसत होतं. टीव्ही बंद. तुम्ही टीव्हीच्या शेजारी खुर्चीवर बसलेले, समोर माई, मांडीवर ताटली. आणि तुमचा तो माइकवरचा आवाज. "आपली पोरगी कर्जतच्या स्टँडवर पोचलेली आहे. तिला भूक लागलेली आहे. कंट्रोलर साहेबांनी तिला बाकावर बसवून स्वतःच्या डब्यातली भाकरी दिलेली आहे." तुम्ही थांबलात आणि घास पुढं केलात. माईंनी तो घेतला. मी शिडीवरच पक्कड धरून उभा राहिलो. खालून माणूस ओरडला तेव्हा भानावर आलो.

पुढं मी मुद्दाम सातला येत गेलो, वायर बघायच्या निमित्तानं. पोरीची गाडी रोज काहीतरी होऊन राहायची. कधी टायर बसला, कधी ड्रायव्हर जेवायला गेला, कधी राशीनजवळ रस्त्याचं काम निघालं. एकदा कंडक्टरच्या घरी पोरगा झाला म्हणून पेढे वाटले, पोरीनंही एक खाल्ला आणि माईंनीही. मी तुम्हाला ओट्यावर येऊन चिडवलं, "आण्णा, तुम्हीसुद्धा चॅनलवाल्यांसारखं ताणायला लागलात."

तुम्ही आतल्या बाजूला बघितलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "ती गाडीत बसली की हिचं जेवान गेलं. म्हनून बसवून ठिवलीय."

आपलं शेवटचं बोलणं त्याच ओट्यावर झालं. तुम्ही दमलेले दिसत होतात, दंड चोळत होतात. मी म्हणालो, डॉक्टरांना दाखवू. तुम्ही ते ऐकलंच नाही. म्हणालात, "राजू, मला बरं वाटंना. लई दिस झालं तिला फलाटावर ठिवून. लेकीच्या जातीला असं ताटकळत ठिवू ने. उद्या बसवून देतो."

"आणि माईंचं?"

"तिला सांगून बसवतो. नीट गाडीत बसल्याली बघितली की समाधानानं जेवल ती. मानसाला ठिकान कळलं की बास असतं."

"कोणत्या गाडीत बसवणार?"

तुम्ही हसलात. किती दिवसांनी हसलात. "उद्या ये की. आयक."

मी यायच्या आधी सकाळ झाली आणि संदीपचा फोन आला.

आता तुम्ही गेल्यानंतरचं सांगतो, कारण ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. संदीपनं मला श्रद्धांजलीचं कार्ड चॅनलवर लावायला सांगितलं. गावात पद्धतच आहे. त्यानं सत्काराचा फोटो दिला, तुम्ही रिटायर झालात तेव्हाचा, फेटा बांधलेला. तुमच्या चेहऱ्यावर तो फेटा मला कधी आवडला नाही, पण दुसरा फोटो घरात नव्हता. तुम्ही कुणाला फोटो काढू दिलात तर ना. मी ते कार्ड सातला लावलं. सगळ्यात जास्त लोक तेव्हा बघतात म्हणून नाही. माझ्या गावच्या चॅनलवर तुमची दुसरी कुठली वेळ मला सुचलीच नाही.

सातची वेळ लावून मी तुमच्या घरी आलो. माईंनी तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलेलं नव्हतं, संदीपची बायको ताटली घेऊन हताश बसली होती. टीव्हीवर तुमचा फोटो आला, खाली नाव, बाजूला दोन समया. माई सावरून बसल्या. पदर नीट केला. म्हणाल्या, "आज उशीर केला ह्यांनी." आणि तोंड उघडलं.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. सूनबाईनं घाईघाईनं घास दिला. माई खात होत्या, तुमच्याकडे बघत होत्या. कार्डाला आवाज नव्हता, तुम्ही बोलत नव्हतात. चार घासांनंतर माईंना ते जाणवलं असावं. त्यांनी मला विचारलं, "पोरीला गाडी मिळाली का?"

मी म्हणालो, "मिळाली माई."

"कंची?"

मी जीव मुठीत धरून म्हणालो, "जामखेडची."

माईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी वेडंवाकडं बोललोय. "जामखेडची सातला नसती," त्या म्हणाल्या आणि तोंड मिटून घेतलं.

ज्या बाईला स्वतःचा मुलगा ओळखू येत नाही तिला तुमचं वेळापत्रक पाठ आहे, आण्णा. तुम्ही शेवटची गाडी सोडून घरी यायचात तोवर माई वाट बघत बसायच्या, त्या वर्षांतलं ते असणार. मी दुसऱ्या दिवशी राशीनची सांगून बघितली, मग श्रीगोंद्याची. त्या नुसती मान हलवायच्या. पण पहिले चार-पाच घास तुमच्या फोटोवर जायचे. म्हणून मी कार्ड काढलं नाही. दशक्रिया झाली, तेरावं झालं, कार्ड रोज सातला चालूच. लोकांचे फोन यायला लागले. "अवो, आण्णांना जाऊन किती दिस झालं, अजून काय लावलंय?" "आमच्या पोराच्या वाढदिवसाची जाहिरात सातची ठरली हुती, ती कुठं गेली?" एकानं तर विचारलं, ह्याचं काय कारन हाय? मी काय सांगणार होतो? एक म्हातारी चार घास खाते म्हणून तालुक्याला मेलेल्या माणसाचा फोटो दाखवतोय? सांगितलं नाही. म्हटलं, माझ्या हातात आहे, म्हणून लावलंय.

तेव्हा मला तुमच्या मुंबईच्या माणसाची आठवण झाली, जो नसतो असं मी म्हणायचो. बाहेरून बघणाऱ्याला मीही आता तसाच दिसत असणार, वेड्यासारखं काहीही कधीही लावणारा. पण त्यानं पोरीला फलाटावर सोडलं तेव्हा त्याच्याकडे असं काही कारण असेल यावर माझा विश्वास बसत नाही. माफ करा.

संदीप तरी किती दिवस रजा काढणार? मागच्या आठवड्यात तो माईंना पुण्याला घेऊन गेला. जाताना बॉक्स मला परत दिला. माई गाडीत बसेनात, त्यांना स्टँडवर जायचं होतं. पुण्यात माझं चॅनल दिसत नाही. संदीपनं तोच फोटो मोबाइलवरून मोठ्या टीव्हीवर लावला, सातलाच लावला, समयाही लावल्या. माई बघत नाहीत. नवं घर, नवी भिंत, त्यांना तो फेटेवाला कोण हे कळत नाही. काल त्याचा फोन आला. डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणतायत. संदीप रडत होता. म्हणाला, "राजूकाका, ती दिवसभर एकच विचारते, पोरीला कंची गाडी मिळाली. मी सगळ्या गाड्यांची नावं घेऊन बघितली. तुम्हाला आण्णा काही बोलले होते का?"

मी स्टँडवर गेलो. तुमच्या खिडकीत आता एक तरुण माणूस असतो, चांगला आहे, मला बसायला सांगितलं. मी विचारलं, संध्याकाळी सातला इथून कोणती गाडी सुटते? त्यानं बघून सांगितलं, "सातला हितून काहीच सुटत न्हाई." मी म्हणालो, पूर्वी असेल. तो म्हणाला, "पूर्वीचं आण्णांना म्हाईत असायचं. त्यांनाच इचारायला पायजे हुतं." मी फलाटावरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. मिरजगावची आली, भरून गेली. मग सात वाजायला आले म्हणून गाळ्यात परत आलो आणि तुमचं कार्ड लावलं, तुमच्या घराला कुलूप असलं तरी.

आण्णा, पोरीला कोणत्या गाडीत बसवणार होतात, एवढं तरी सांगून जायचं होतंत.